उन्हानं वाढवलेलं वय

सारजाबाई आणि भामाबाई या तात्याबा धनगराच्या जुळ्या लेकी. सारजा आधी जन्मली, भामा तिच्यामागून घटकाभरानं. चौसाळ्याच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या माळाला लागून तात्याबाची वस्ती होती. लहानपणी दोघी इतक्या सारख्या दिसायच्या, की आईनं सारजाच्या पायात काळा दोरा बांधून ठेवला होता. दोरा तुटला की त्या दिवशी एकीला दोनदा न्हाऊ घातलं जायचं आणि दुसरी तशीच धुळीत हुंदडत राहायची. दोघींचं लग्नही एकाच मांडवात, एकाच दिवशी लागलं.

मांडवातून बाहेर पडल्यावर मात्र दोघींच्या वाटा फुटल्या. भामाचं सासर केजच्या बाजूला. तिचा नवरा सिदू घोंगड्या विणायचा. पडवीत जमिनीला खड्डा, त्या खड्ड्यावर माग, आणि दिवसभर भामा पडवीच्या सावलीत बसून लोकर पिंजायची, सूत कातायची. सारजाचा नवरा बिभीषण मेंढरांमागं फिरणारा. दोनशे मेंढरं, दहा-पाच शेळ्या, चार कुत्री आणि बिऱ्हाड वाहायला एक घोडं. दसरा झाला की माळ सोडून खाली उतरायचं, थेट सिरसाळ्याच्या काळ्या रानापर्यंत शेताशेतात मेंढरं बसवत जायचं आणि मृग जवळ आला की परत माळ गाठायचा.

सारजाला हे जिणं मनापासून आवडायचं. चार भिंतीत तिचा जीव गुदमरायचा. दांडगा मेंढा शिंगाला धरून लोळवावा तर तिनंच, आणि दोन शेतं ओलांडून ऐकू जाईल अशी हाळी द्यावी तर तीही तिनंच. हसली की माळावरच्या टिटव्या उडायच्या, असं बिभीषण म्हणायचा. वीस-बावीस उन्हाळे तिनं असे डोक्यावर घेतले. आरसा तिच्याजवळ नव्हता. नदीच्या पाण्यात तोंड दिसायचं, पण मेंढरं पाण्यावर आली की ते हलायचं, फुटायचं, आणि ते नीट बघत बसायला वेळही नसायचा.

मग एकदा सिरसाळ्याच्या बाजारात ती मिरच्या घेत उभी होती. मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, जरा वाट द्या."

सारजानं मागं वळून आजी कुठं आहे ते बघितलं. मागं कुणी म्हातारी नव्हती. एक तरणी बाई डोक्यावर पाटी घेऊन तिच्याकडंच बघत उभी होती.

सारजा बाजूला झाली. मिरच्या घेतल्या, मीठ घ्यायचं विसरली. बिऱ्हाडावर आल्यावर तिनं बिभीषणाला विचारलं, "आवं, मी म्हातारी दिसती काय?"

बिभीषण चिलीम भरत होता. "कोन म्हनलं?"

"बाजारात एक जन मला आजी म्हनली."

"आजी म्हनली तर काय झालं? मला तर परवा एकानं तुजा लेक समजून राम राम घातला."

सारजानं हातातली काठी त्याच्याकडं भिरकावली. ती त्याला लागली नाही, आणि लागावी अशी टाकलीही नव्हती. दोघं हसले आणि ते तिथंच संपलं. संपलं असं तिला वाटलं तरी.

पुढं मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली. बालाघाटावरची कितीतरी घरं तिनं ओस पाडली. तात्याबा साथीतून वाचला, पण पुढच्या साली थकून वारला. त्याला लेक नव्हता. विहिरीजवळची थोडी जमीन होती, ती दोन्ही लेकींच्या नावावर लागायची होती. निजाम सरकारात याला विरासत म्हणायचे, आणि तिचा अर्ज तहसील कचेरीत द्यावा लागायचा. गावचे पाटील सुंदरराव भला माणूस. त्यांनी दाखला लिहून दिला, की मयत तात्याबास दोन जुळ्या मुली, दोन्ही हयात, तिसरा वारस नाही. तो कागद घेऊन दोघी बहिणी तालुक्याच्या गावी कचेरीत गेल्या. बिभीषण बाहेर चिंचेखाली घोडं बांधून बसला.

तिथला पेशकार, म्हणजे अर्ज वाचून साहेबापुढं ठेवणारा कारकून, नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून बसला होता. त्यानं कागद वाचला आणि मान वर न करता विचारलं, "तात्याबाच्या जुळ्या मुली कुठं आहेत?"

"ह्या काय, आमीच," सारजा म्हणाली.

पेशकारानं वर बघितलं. भामाकडं बघितलं, मग सारजाकडं. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत बघितलं.

"बाई, जुळ्या म्हणजे काय ते ठाऊक आहे का? एका वेळी जन्मलेल्या."

"व्हय की. मी घटकाभर आदी."

"घटकाभर?" पेशकार म्हणाला. "तुझ्यात आणि हिच्यात निदान वीस वर्षं आहेत. तू हिची आई असणार. विधवेचा अर्ज निराळा असतो, त्याचा कागद निराळा."

सारजाला हसू फुटलं. "मला माज्या बापाची बायकू करता का साह्यब?"

पडवीत बसलेले लोक खो खो हसले. पेशकार हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता, पण कागदात एक आणि डोळ्यांपुढं दुसरंच, हे त्याला चालत नसे. त्यानं सांगितलं, की पाटलांनी स्वतः येऊन शपथेवर सांगावं. सुंदरराव तर लग्नाला गोदाकाठी गेलेले, आठ दिवस परतायचे नव्हते. आठ दिवस मेंढरं कुणाच्या भरवशावर ठेवायची?

दोघी पडवीच्या पायरीवर येऊन बसल्या. सारजा अजून हसत होती, पण भामानं तिच्याकडं बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं, रडती कावून?" भामा म्हणाली.

"रडत न्हाई. खरं सांग भामे, मी आईवानी दिसती का?"

भामाला खोटं बोलता येत नसे. तिनं बहिणीचा हात हातात घेतला. तेवढ्यानं सारजाला कळायचं ते कळलं. तिनं आज पहिल्यांदाच नीट निरखून बघितलं. भामाचा गाल सपाट होता, हाताची कातडी मऊ. आपल्या मनगटावर मात्र तडकलेल्या गाळासारख्या रेघा, डोळ्यांच्या कडेला कोंबडीच्या पंज्यासारख्या सुरकुत्या, ओठांना भेगा आणि कपाळावर काळपट वांग.

पडवीत एक पांढऱ्या दाढीचे हकीम बसले होते. कुदरतुल्ला त्यांचं नाव. तहसीलदारांच्या आईचे गुडघे धरले होते, म्हणून औषध द्यायला आले होते. सगळा प्रकार त्यांनी ऐकला होता. ते उठून जवळ आले आणि त्यांच्या मराठी-दखनीत म्हणाले, "बाई, तू पदर उजव्या बाजूनं दातात धरती ना?"

सारजा चपापली. "तुमाला कसं ठावं?"

"तुझा डावा गाल सांगतो. उजव्यापेक्षा डाव्यावर दुप्पट रेघा हायत. उजवा पदराआड राहिला, डावा उन्हात." मग भामाकडं वळून त्यांनी विचारलं, "और तू? घरात बसून काम करती?"

"मागावर, जी."

हकीमांनी मान डोलावली. आत जाऊन ते तहसीलदारांशी काही बोलले. तहसीलदारही बाहेर डोकावून दोघींना बघून गेले. थोड्या वेळानं चपराशी आला आणि बहिणींना कचेरीमागच्या जनान्यात घेऊन गेला. तिथं चिकाच्या पडद्याआड तहसीलदारांच्या आई तक्क्याला टेकून बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण चेहरा लोण्यासारखा. उभ्या जन्मात त्या भर दुपारी उघड्यावर आल्या नव्हत्या.

"हकीमसाब का कहना है," त्या म्हणाल्या, "चेहरा झूठ बोलता, पीठ नै बोलती. पाठ दाखवा दोघी."

दार लावून घेतलं. दोघी पाठ करून बसल्या, डोक्यावरून पदर पुढं घेतला आणि चोळीच्या गाठी सैल केल्या. म्हाताऱ्या बाईंनी चष्मा लावला. दोन्ही पाठी सारख्या. तीच गव्हाळ कातडी, तोच गुळगुळीतपणा, मानेच्या खाली तशीच खळगी. बाईंनी मग डोळे झाकले आणि म्हणाल्या, "अब जागा बदलो. नाहीतर नका बदलू. मला सांगू नका."

दोघींनी खुसखुसत जागा बदलल्या. बाईंनी डोळे उघडून बराच वेळ निरखलं. "ये सारजा."

"न्हाई जी, मी भामा."

पुन्हा डोळे झाकले, पुन्हा अदलाबदल. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा दोघी हलल्याच नाहीत, आणि बाई तिसऱ्यांदाही चुकल्या. मग त्या तक्क्यावर हात आपटून हसायला लागल्या, त्यांच्या दासी हसायला लागल्या आणि सारजाचं हसणं तर कचेरीत पेशकारालाही ऐकू गेलं.

"दोनों एकच झाड के आम हैं," बाईंनी मुलाला सांगून पाठवलं. "एक छाँव में पका, एक धूप में. लिख दो."

तहसीलदारांनी आईचा शब्द आणि पाटलांचा दाखला दोन्ही धरून अर्ज मंजूर केला. पेशकारानं तो लिहून घेताना सारजाकडं बघून म्हटलं, "बाई, माफ करा." ती म्हणाली, "तुमी काय केलं? उन्हानं केलं."

निघण्याआधी ती भामाला घेऊन हकीमांना गाठायला गेली. तिच्या मनात एकच होतं.

"हकीमसाह्यब, हे जाईल का? पाठ तर हिच्यासारखीच हाय. मंग तोंडावर कावून आलं? माजं वय तर हिच्याएवढंच."

हकीम कडुलिंबाखाली बसले आणि त्यांनी तिलाही बसवलं. "वय दोन वाटांनी येतं, बाई. एक वय अल्ला देतो, ते तुझ्या पाठीवरही हाय. दुसरं ऊन देतं, ते फक्त उघड्या अंगावर. तुझी बहीण घोंगडी विणते ना? एक घोंगडी घरात घडी करून ठेव, दुसरी छपरावर वीस उन्हाळे पसर. काय होईल?"

"इटंल," सारजा म्हणाली. "रंग जाईल. ताणा कच्चा होईल. हातानं वढली तर परत जागेवर यायची न्हाई."

"बस. कातडीच्या आतही असाच ताणा हाय. तो पिळदार हाय तोवर चिमटा घेतला तरी कातडी परत सपाट होते. उन्हानं तो कच्चा पडला की सुरकुती पडली ती पडली."

सारजानं भामाच्या हाताला चिमटा घेऊन बघितला. भामा ओरडली, पण कातडी लगेच सपाट झाली. मग तिनं स्वतःच्या मनगटाला घेतला. चिमटीची घडी जराशी तशीच उभी राहिली आणि मग हळूहळू खाली बसली.

"आता औषध सांगतो," हकीम म्हणाले. "पण पहिलं ऐक. पडलेली सगळी घडी कुणी मोडून देणार नाही. देतो म्हणाला तर तो ठग समज. मात्र ऊन आजपासून थांबवलंस तर कातडी स्वतःच पुष्कळ सावरते. ती जित्ती हाय, घोंगडी नाही. आन ऊन थांबवणं हेच मोठं औषध, बाकी सगळं त्याच्या मागून."

"आन ऊन थांबवायचं कसं? मेंढरं काय पडवीत चरत्यात?"

"तुझी सावली बघ. ती तुझ्यापेक्षा लांब हाय तोवर मेंढरं चार. आखूड झाली की झाडाखाली. ढग आले म्हणून फसू नको, ढगातूनही ऊन उतरतं. नदीची पांढरी वाळू ऊन खालून वर फेकते, तिथं बसू नको. डोकं, मान, कान, हात झाक. राखेनं नि विटेच्या तुकड्यानं तोंड घासती का?"

"घासती. सगळ्याच घासत्यात."

"नको घासू. डाळीचं पीठ लाव, साध्या पाण्यानं धू, ओलं असतानाच तीळतेल चोळ. तूप शंभरदा पाण्यात धुऊन लावलं तरी बरं. चिलीम ओढतेस?"

"कदीमदी. त्यो चिंचंखाली न्हाई का बसला, त्याच्या संगं."

"धूरही कातडी वाळवतो. सोड. आन एक ध्यानात ठेव. अंगावर कुठं फोड झाली, महिना-दोन महिने भरली नाही, रक्त येत राहिलं किंवा तीळ वाढायला, रंग बदलायला लागला, तर लेप लावत बसू नको. सरळ मला दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी परतताना सारजा सबंध वाट स्वतःच्या सावलीकडं बघत चालली. ती आखूड झाली तसं तिनं घोडं थांबवलं. "उतरा, झाडाखाली बसू."

बिभीषण म्हणाला, "घर दोन कोसावर हाय की."

"मंग दोन कोस सावली लांबल्यावर जाऊ."

तो कुरकुरला, पण उतरला.

घरी मात्र तिचा धीर सुटला. तिला वाटलं, वीस वर्षं गेली ती निदान अर्धी तरी झटपट परत यावीत. चौसाळ्याच्या जत्रेत एक फिरता विक्रेता आला होता. त्याच्याकडं पांढरा लेप होता, आणि म्हणे सात दिवसांत म्हातारी नवरी होते. हकीमांनी ठग म्हणून सांगितलं होतं, ते सारजाला आठवलं. पण माणसाला हवं असतं तेव्हा आठवलेलंही कानाआड जातं. तिनं लेप घेतला आणि तीन दिवस तोंडाला फासला. चौथ्या दिवशी तोंड असं पेटलं, की तिला डोळे उघडवेनात. गालांची सालपटं निघाली. बिभीषण एक शब्द चेष्टेचा बोलला नाही. त्यानं घोड्यावर बसवून तिला थेट भामाच्या घरी नेलं.

भामानं तिला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "कशाचा लेप होता?"

"काय ठावं. इकनारा तर लगेच पळाला."

त्या दिवशी भामाकडं नव्या लोकरीचं काम चालू होतं. मोठ्या हंड्यात गरम पाण्यात लोकर धुतली, की पाण्यावर पिवळट चिकट थर येतो. मेंढीच्या अंगचं तूपच ते. बाकीच्या बायका तो थर ओतून देत. भामाला आठवलं, हातांना भेगा पडल्या, की आपली सासू हाच थर हातांना चोळायची. तिनं तो काढला, स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून फडक्यातून गाळला, थोडं तीळतेल घातलं, आणि आधी सारजाच्या मनगटावर एवढासा लावून एक दिवस थांबली. काही झालं नाही. मग गालांवर हलक्या हातानं लावला.

"वास लई घाण येतोय," सारजा म्हणाली.

"तुज्या अंगाला वीस वर्षं त्योच वास हाय," भामा म्हणाली. "आजच नाक आलं व्हय?"

पंधरा दिवसांत सालपटं गेली, आग थांबली. हकीम कुदरतुल्लांना दाखवायला नेलं तेव्हा ते आधी लेपावरून तिच्यावर खूप रागावले. मग त्यांनी भामाच्या वाटीतलं मलम बोटानं घेऊन चोळून बघितलं, हुंगलं, नाक मुरडलं आणि म्हणाले, "हे ओलावा धरून ठेवतं. लावत जा. पण पदराशिवाय याचा काही उपयोग नाही, एवढं समज."

यानंतर सारजानं दिवसच बदलून टाकला. तांबडं फुटायच्या आत मेंढरं सोडायची, सावली आखूड झाली की झाडाखाली आणायची, आणि ऊन कलल्यावर पुन्हा दिवस बुडेपर्यंत चारायची. पहिल्या पंधरवड्यात मेंढरंही गोंधळली. पण गार वेळेला ती जास्त चरतात, हे बिभीषणाच्या लक्षात आलं, आणि उन्हाळ्यात नेहमी चार-दोन मेंढरं धापा टाकून बसायची, ती त्या साली बसली नाहीत. मग त्याची कुरकुर आपोआप थांबली.

डोक्यावर घ्यायला घोंगडीची खोळ, म्हणजे टोपीसारखी मुडपलेली घोंगडी, जड व्हायची, घाम यायचा. म्हणून भामानं मागावर जुन्या धोतराच्या सुताची पातळ, लांब खोळ विणून दिली. ती कपाळाच्या पुढं चार बोटं येई, मागं मान झाके, आणि दोन्ही बाजूंना सारखी असे. तिला बाह्याही होत्या, सैल आणि मनगटापर्यंत. ती घालून सारजा पहिल्यांदा खुरपणीच्या बायकांसमोरून गेली तेव्हा बायकांनी खुरपी टाकून तोंडाला पदर लावले.

"सारजा काकू, नवरी निघाली का?" केशरबाई ओरडली.

"व्हय गं," सारजा म्हणाली. "नवरा जुनाच हाय, पर मी नवी व्हनार."

तिला हसण्याचं वाईट वाटत नव्हतं. ती त्या बायकांमध्ये बसून विसावा घेई आणि केशरबाईची बांगडी वर सरकवून म्हणे, "हे बग, बांगडीखालची कातडी. हे बग, वरची. दोनी तुज्याच." बायका आपापल्या बांगड्या सरकवून बघू लागायच्या. मग हळूच कुणीतरी विचारायची, की भामा आणखी एक खोळ विणून देईल का.

दोन-तीन वर्षांत काय झालं? सुरकुत्या सगळ्या गेल्या नाहीत. डोळ्यांच्या कडेचे कोंबडीचे पाय तसेच राहिले, आणि सारजा एवढी हसायची, की ते जाणं शक्यही नव्हतं. पण वांग फिके पडले. ओठांच्या भेगा भरल्या. हात मऊ झाले. चिमटीची घडी लवकर बसू लागली, आणि ही परीक्षा ती घरादारावर घेत फिरायची. सुनेच्या, शिवकन्येच्या हाताला तर रोज चिमटा. शेवटी शिवकन्या म्हणाली, "आत्याबाई, खोळ घालते, पण चिमटा बंद करा." नातीला तर चालायला लागल्यापासून खोळ होती. लहानपणीच झाकलेली कातडी पुढं टिकते, असं हकीम म्हणाले होते.

एका साली मेंढरं मांजरेकाठच्या शेतात बसली होती. तिथं छबुबाई नावाची एक बाई बांधाच्या कामावर दगड फोडायची. घाऱ्या डोळ्यांची, गोरीपान, पन्नाशीची. तिच्या नाकाच्या कडेला मुगाएवढी फोड होती. मोत्यासारखी चकाके, मध्येच तिची खपली पडे, रक्त येई, पुन्हा तशीच.

"कदीपासून हाय?" सारजानं विचारलं.

"पोळ्याला वरीस झालं," छबुबाई म्हणाली. "देवीचा कोप हाय म्हनत्यात. मी हळद लावती, कुंकू लावती. दुखत तर न्हाई."

"दुखत न्हाई म्हनूनच म्हनती, चल."

"कुटं?"

"हकीमाकडं."

छबुबाई तयार होईना. काम बुडेल, देवी रागावेल, नाक कापतील. सारजानं दोन दिवस तिच्याशेजारी बसून दगड फोडले आणि दोन्ही दिवस तेच तेच बोलत राहिली. तिसऱ्या दिवशी छबुबाई वैतागून म्हणाली, "चल माय, तुज्या तोंडापाई जीव नको झालाय."

हकीम आता पुष्कळ थकले होते. त्यांनी फोड उजेडात नेऊन बघितली आणि लगेच चिठ्ठी लिहिली. "हे माझ्या वाटीतलं काम नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. कापून काढावं लागेल. उशीर करू नका."

बिभीषणानं शेतमालकाची बैलगाडी मागून जुंपली. दवाखान्यातल्या डॉक्टरानं फोड मुळापासून काढली, टाके घातले आणि सांगितलं, की आणखी दोन वर्षं अंगावर काढली असती तर अर्धं नाक गेलं असतं. कशानं झालं, असं छबुबाईनं विचारलं. गोऱ्या कातडीला बारा महिन्यांचं ऊन सोसत नाही, असं डॉक्टर म्हणाला. छबुबाईनं सारजाकडं बघितलं. सारजानं तिच्या डोक्यावर आपली खोळ चढवली आणि स्वतः पदर दोन्ही बाजूंनी ओढून घेतला.

जखम भरली. नाकाच्या कडेला फक्त एक बारीक रेघ राहिली. छबुबाई दोन महिन्यांनी सारजाला शोधत माळावर आली, पायाला हात लावायला वाकली. सारजानं तिला वरच्या वर धरली.

"मला काय द्यायचं आसंल तर बांधावर लिंब लाव," ती म्हणाली. "दगड फोडणाऱ्या बायांना सावली न्हाई तितं."

छबुबाईनं खरंच लावली. सात रोपं, प्रत्येकाला काट्याचं कुंपण, आणि उन्हाळाभर घागरीनं पाणी. पुढच्या साली सारजाची मेंढरं तिथं आली, तेव्हा बघते तर पाचच झाडं.

"दोन कुटं गेली?"

छबुबाईनं कमरेवर हात ठेवले. "तुज्या शेरडांना इचार! आताच आत शिरली, कुपन मोडून."

सारजानं वळून बघितलं. शेंडे खाल्लेल्या रोपाशी तिची तांबडी शेळी शांतपणे रवंथ करत उभी होती. सारजा काठी घेऊन धावली, शेळी पळाली, छबुबाई दगड घेऊन मागं लागली, आणि दोघी जणी खोळा सावरत, एकमेकींना शिव्या देत सगळ्या बांधभर पळत सुटल्या. धावून धावून दम लागला तेव्हा त्या शिल्लक पाच झाडांपैकी सगळ्यात मोठ्या झाडापाशी येऊन टेकल्या. त्याची सावली अजून एकीपुरतीच होती. दोघी तिच्यात खेटून बसल्या आणि संध्याकाळच्या आत दोन नवी रोपं कुठून आणायची, यावर वाद घालत राहिल्या.